रिपोर्ट हातात पडल्यानंतरचे आठवडे: गर्भातल्या बाळाचं निदान आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

सोनोग्राफी करणाऱ्या, बाळंतपण सांभाळणाऱ्या आणि गर्भातल्या बाळावर शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्व डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

बाळात व्यंग असल्याचं कळल्यावर जी जोडपी तुमच्या खोलीतून बाहेर पडतात, त्यांच्याशी बोलणं हे माझं काम. मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे. तुम्ही नेमकं काय सांगितलंत ते मला ठाऊक नसतं. त्यांनी काय ऐकलं तेवढंच माझ्यापर्यंत पोहोचतं, आणि या दोहोंत अंतर असणार हे मी धरूनच चालते. तरी काही वाक्यं इतक्या जणांच्या तोंडून येतात की ती सगळ्यांनीच चुकीची ऐकली असतील असं वाटत नाही. ‘डोक्यात पाणी आहे म्हणाले.’ ‘आता पोटातच ऑपरेशन होतं म्हणे.’ ‘फिफ्टी-फिफ्टी आहे.’ आणि ‘दोन आठवड्यांनी परत बघू म्हणाले.’

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महागात पडतं. एरवीच्या गरोदरपणात दोन आठवडे म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. इथे मात्र प्रत्येक उपचाराला आपापली मुदत असते, आणि ती मुदत आईबापांना बहुतेक वेळा कुणी सांगितलेलीच नसते. मणका उघडा राहिलेल्या बाळावर, म्हणजे मायलोमेनिंगोसीलवर, गर्भातच शस्त्रक्रिया करायची तर ती साधारण १९ आठवडे पूर्ण झाल्यापासून २६ पूर्ण व्हायच्या आत. व्यंग शोधणारी सोनोग्राफी होते १८ ते २२ आठवड्यांत. आता हिशेब करा. समजा २२ पूर्ण झाल्यावर तपासणी झाली. डोक्याचा आकार किंचित वेगळा वाटतो, पण बाळ पाठ दाखवत नाही. दोन आठवड्यांनी बोलावलं, २४ झाले. आता दोष स्पष्ट दिसला. गर्भजल काढून तपासायला पाठवलं. मायक्रोॲरेचा, म्हणजे गुणसूत्रांच्या सविस्तर तपासणीचा, रिपोर्ट यायला आणखी एक-दोन आठवडे. मग एमआरआय, मग बाळाच्या हृदयाची तपासणी, मग मोठ्या केंद्राची वेळ. तोवर २६ उलटलेले असतात. शस्त्रक्रिया करायची की नाही हे कुणी ठरवलंच नाही, ते परस्पर ठरून गेलं.

तुम्ही म्हणाल, नुसत्या संशयावर कशाला घाबरवायचं? पण कपाळाच्या बाजूंनी दबलेलं, लिंबाच्या आकाराचं डोकं आणि केळ्यासारखा वाकलेला लहान मेंदू ही दोन चिन्हं १९८६ पासून वैद्यकाला माहीत आहेत. पाठ दिसली नाही तरी संशय पक्का करायला ती पुरतात. ती दिसली त्याच दिवशी तुमच्यापेक्षा अधिक अनुभवी नजरेकडे पाठवणं म्हणजे घाबरवणं नव्हे. गर्भजलाचा नमुना गेला की मुख्य गुणसूत्रांची झटपट चाचणी दोन-तीन दिवसांत उत्तर देते. सविस्तर रिपोर्ट येईपर्यंत केंद्राशी बोलणी सुरू करता येतात. हे सगळं एकामागून एक करायचं की बरोबरीने, हे तुमच्या हातात असतं. जोडप्याला तर ते बरोबरीने करता येतं हेच माहीत नसतं.

जुळ्यांची गोष्ट याहून साधी आहे, म्हणून जास्त चीड आणते. दोन बाळं एकाच वारेवर वाढत असतील तर त्यांच्या रक्तवाहिन्या वारेच्या पृष्ठभागावर एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा दर शंभर गरोदरपणांत दहा ते पंधरा वेळा हा रक्तप्रवाह एकतर्फी होतो. एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जात राहतं. देणाऱ्याभोवतीचं पाणी आटतं, घेणाऱ्याभोवती पाण्याचा पूर येतो आणि त्याच्या हृदयावर ताण पडतो. मधल्या तिमाहीत हे तीव्र झालं आणि काहीच केलं नाही तर बहुतेक वेळा दोन्ही बाळं जातात. यावर उपचार आहे. आईच्या पोटातून बारीक दुर्बीण घालून लेझरने त्या जोडवाहिन्या बंद करतात. नुसतं जास्तीचं पाणी पुन्हा पुन्हा काढत राहण्याच्या जुन्या पद्धतीशी त्याची तुलना युरोपातल्या एका चाचणीत झाली आणि २००४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. किमान एक बाळ २८ दिवसांपर्यंत जगण्याचं प्रमाण लेझरच्या गटात ७६ टक्के होतं, पाणी काढण्याच्या गटात ५६ टक्के.

पण या उपचारापर्यंत पोहोचण्यासाठी आधी वार एक आहे की दोन, हे माहीत हवं. ते ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत चांगलं दिसतं. दोन बाळांमधला पडदा वारेला जिथे टेकतो तिथे ‘टी’सारखा कोन दिसला तर वार एक, जाडसर त्रिकोण दिसला तर दोन. पुढे हे ओळखणं अवघड होत जातं. आणि तरीही मी असे रिपोर्ट पाहते ज्यांत ‘जुळी, दोन्हीचे ठोके व्यवस्थित’ एवढंच लिहिलेलं असतं. वार एक असल्याचं नोंदलेलं असतं तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला तपासणी झाली असती. हो, इथे तेच दोन आठवडे बरोबर आहेत! आईला आधीच सांगून ठेवलं असतं की पोट एकाएकी ताणलं, धाप लागू लागली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. पोट वाढतंय म्हणजे बाळं छान वाढताहेत, अशी समजूत करून घेऊन ती घरी बसली नसती.

एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तावरून होणाऱ्या बाळाच्या तपासणीबद्दलही दोन वाक्यं. आईच्या रक्तात बाळाच्या वारेचा डीएनए सापडतो हे १९९७ मध्ये दिसलं आणि त्यावर उभी राहिलेली ही चाचणी काही गुणसूत्रदोषांसाठी फार उत्तम चाळणी आहे. पण तिला बाळाचा मणका दिसत नाही, हृदयाचे कप्पे दिसत नाहीत, मूत्रपिंडं दिसत नाहीत. ‘रक्ताची महागडी तपासणी नॉर्मल आली, आता सोनोग्राफी कशाला’ असं म्हणणारी माणसं मला भेटतात, याचा अर्थ चाचणीबरोबर हे वाक्य त्यांना कुणी दिलेलं नाही.

आता पोटातल्या ऑपरेशनबद्दल. या क्षेत्राचा इतिहास तुम्हाला मी सांगावा असं नाही, पण त्यातली एक गोष्ट जोडप्यांपर्यंत जायला हवी असं मला वाटतं. १९६३ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये विल्यम लायली यांनी आरएच दोषामुळे, म्हणजे आईशी रक्तगट न जुळल्यामुळे, रक्त नष्ट होत चाललेल्या बाळाला गर्भातच रक्त दिलं. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मायकेल हॅरिसन यांच्या चमूने गर्भाशय उघडून, लघवीची वाट अडलेल्या बाळावर शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रिया जमली, बाळ जगलं नाही; मूत्रपिंडं आधीच निकामी झालेली होती. पुढच्याच वर्षी या विषयात काम करणारी मंडळी एकत्र बसली आणि त्यांनी स्वतःलाच अटी घालून घेतल्या. निदान अचूक हवं. काहीच केलं नाही तर काय होतं हे माहीत हवं. जन्मानंतर करता येण्याजोगा पुरेसा चांगला उपचार असेल तर गर्भात हात घालायचा नाही. आधी प्राण्यांवर सिद्ध झालेलं हवं. आणि आईला सगळं सांगून संमती घेतलेली हवी. ज्यांनी हे काम सुरू केलं त्यांनीच पहिल्यांदा ब्रेक बसवला. मला त्यांच्याबद्दल आदर आहे तो शस्त्रक्रियेपेक्षा या अटींमुळे.

त्या कसोटीवर उघड्या मणक्याची शस्त्रक्रिया तपासली गेली ती अमेरिकेतल्या तीन केंद्रांत झालेल्या ‘मॉम्स’ चाचणीत. २०११ मध्ये निष्कर्ष आले. गर्भात शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी सुमारे ४० टक्क्यांना पहिल्या वर्षात डोक्यातलं पाणी उतरवणारी नळी, म्हणजे शंट बसवावी लागली. जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत ८२ टक्क्यांना. अडीच वर्षांच्या वयात आधाराशिवाय चालणारी मुलं एका गटात ४२ टक्के, दुसऱ्या गटात २१. फायदा इतका स्पष्ट होता की ठरलेल्या २०० महिला पूर्ण व्हायच्या आत चाचणी थांबवली गेली.

हे आकडे जोडप्यांना कळतात. निदान ‘दुप्पट मुलं चालतात’ एवढं तरी कळतं. त्याच चाचणीतले बाकीचे आकडे कळत नाहीत. ४२ टक्के चालली याचा अर्थ अर्ध्याहून जास्त मुलं शस्त्रक्रिया होऊनही त्या वयात आधाराशिवाय चालत नव्हती. लघवी-शौचावर ताबा नसणं हा प्रश्न बहुतेकांना उरतो. गर्भात शस्त्रक्रिया झालेली बाळं सरासरी ३४ आठवड्यांना जन्मली, दुसऱ्या गटातली ३७ ला. आणि तेरा टक्के बाळं तर ३० आठवड्यांच्याही आत आली. म्हणजे मणक्याच्या प्रश्नात अपुऱ्या दिवसांचा प्रश्न मिळवला. शाळकरी वयात पुन्हा पाहिलं तेव्हा हालचाल आणि शंट यांतला फायदा टिकलेला होता. रोजच्या व्यवहारातल्या एकूण कौशल्यात मात्र दोन गटांत ठळक फरक नव्हता. हे ऐकून कुणी शस्त्रक्रिया नको म्हणेल, कुणी तरीही हवी म्हणेल. दोघंही बरोबर असू शकतात, पण ऐकल्यानंतर.

आणि आई. सगळे ‘बाळाचं ऑपरेशन’ म्हणतात. भूल तिला दिली जाते. पोट तिचं उघडतं, गर्भाशय तिचं उघडतं. कळा येऊ नयेत म्हणून औषधं तिच्या शिरेतून जातात, पाणमोट फुटायची धास्ती बाळंत होईपर्यंत तिच्या उशाशी असते. ‘मॉम्स’मध्ये बाळंतपणाच्या वेळी साधारण एक तृतीयांश स्त्रियांच्या गर्भाशयाचा व्रण पातळ झालेला किंवा उसवलेला आढळला. खुल्या शस्त्रक्रियेनंतर या खेपेला आणि पुढच्या प्रत्येक खेपेला सिझेरियनच, तेही कळा सुरू व्हायच्या आत, कारण गर्भाशय फाटण्याचा धोका उरतो. या दोषात तिच्या स्वतःच्या शरीराला काडीचाही त्रास नसतो. ती पूर्ण निरोगी असते आणि दुसऱ्या जिवासाठी ही जोखीम घेते. म्हणून तिला एकटीला विचारा. नवरा, सासू, आई यांना खोलीबाहेर बसवून विचारा. ‘आईच आहेस ना, करशीलच’ या नजरांच्या गराड्यात दिलेल्या होकाराला मी संमती म्हणत नाही, आणि तुमचा कायदासुद्धा म्हणत नसावा. दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेत गर्भाशयावरचा व्रण लहान असतो, काही जणींना नैसर्गिक बाळंतपणही शक्य होतं. पण पाणमोट लवकर फुटण्याचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. ‘छोटीशी दुर्बीण’ असं बोटांनी दाखवून हा भाग उरकू नये.

‘फिफ्टी-फिफ्टी’कडे वळते. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला भोक राहिलं की आतडी, कधी यकृतही वर छातीत सरकतं आणि फुप्फुसाला वाढायला जागा उरत नाही. गर्भातच बाळाच्या श्वासनलिकेत छोटा फुगा बसवायचा, म्हणजे फुप्फुसात तयार होणारा द्रव आत कोंडून ते फुगतं आणि वाढतं, ही कल्पना मला आजही थक्क करते. २०२१ मध्ये तिच्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. फुप्फुस अगदी लहान असलेल्या, म्हणजे तीव्र गटातल्या बाळांत फुगा बसवल्यावर ४० टक्के बाळं जगून घरी गेली, न बसवता १५ टक्के. मध्यम गटात ६३ आणि ५० टक्के, आणि हा फरक योगायोगाचा नाही असं म्हणण्याइतका ठाम नव्हता. म्हणजे खरोखरीचं ‘फिफ्टी-फिफ्टी’ मध्यम गटातल्या, फुगा न बसवलेल्या बाळांचं होतं! तीव्र गटातल्या आईबापांना तोच शब्द सांगितला तर तो खोटा आहे. दोन्हींसाठी एकच शब्द वापरणारे डॉक्टर बहुधा धीर द्यायला वापरतात, हे मला समजतं. पण त्या एका शब्दावर लोक कर्ज काढतात, गाव सोडतात.

गाव सोडावंच लागतं, कारण तो फुगा साधारण ३४ आठवड्यांना काढायचा असतो. त्याआधी कळा सुरू झाल्या आणि फुगा काढू शकणारं कुणी जवळ नसलं, तर बाळ जन्मतं तेच श्वासनलिका बंद असलेलं. त्या चाचणीत फुगा काढता न आल्याने एक बाळ दगावलं. तीव्र गटात फुगा बसवलेल्या दर चारपैकी तीन स्त्रिया वेळेआधी बाळंत झाल्या. तेव्हा ‘आमच्याकडे फुगा बसवतात’ हे सांगताना ‘तोवर तुम्ही कुठे राहणार’ हा प्रश्नही विचारायला हवा, आणि तो पहिल्याच भेटीत.

लघवीची वाट अडलेल्या मुलग्यांत नळी बसवून लघवी गर्भजलात सोडायचा उपचार आहे. त्याच्या चाचणीत पुरेशा स्त्रियाच सहभागी झाल्या नाहीत, ३१ वर ती थांबली. २०१३ मध्ये जे प्रसिद्ध झालं त्यातलं मला लक्षात राहिलेलं हे: जगण्याची शक्यता वाढल्यासारखी दिसली, पण मूत्रपिंडं ठीक असलेली मुलं दोन वर्षांनंतर फक्त दोन होती. ‘बाळ वाचेल का’ आणि ‘वाचलेल्या बाळाचं आयुष्य कसं असेल’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लोक पहिला विचारतात, कारण दुसरा विचारायची लाज वाटते. तुम्ही आपणहून काढा तो विषय.

गर्भातल्या शस्त्रक्रियेचा इतका गाजावाजा झाला आहे की गर्भात काहीही न करणं हाच योग्य उपचार असलेली व्यंगंच जास्त आहेत, हे विसरायला होतं. पोटाच्या भिंतीतून आतडी बाहेर आलेलं बाळ, दुभंगलेला ओठ, आतड्यातला अडथळा, मूत्रपिंडाला आलेली थोडी सूज: यांत निदानाचा उपयोग तयारीसाठी असतो. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांची अदलाबदल झालेलं बाळ घ्या. पोटात ते मजेत असतं, जन्मल्यावर काही तासांत निळं पडू शकतं. ते कुठे जन्मणार हे आधी ठरलेलं असेल, तिथे औषध आणि हृदयतज्ज्ञ हजर असतील, तर त्या सोनोग्राफीने त्याचा जीव वाचवला असंच म्हणायचं. यात सुरीचा संबंध नाही. अशा जोडप्यांना ‘गर्भात काही करता येत नाही’ एवढंच सांगून घरी पाठवू नका. त्यांना ते ‘काहीच करता येत नाही’ असं ऐकू येतं.

आणि काही बाळांसाठी खरंच फार काही करता येत नसतं. तिथे गर्भ पुढे नेणं, जन्मानंतर यंत्रांशी झुंज न देता बाळाला वेदनेविना कुशीत ठेवणं, किंवा कायदा जितपत मोकळीक देतो तितपत गर्भपात, हे सगळे रस्ते सारख्याच आवाजात सांगितले जावेत. तुमचा आवाज कुठे खाली जातो, तुमची नजर कुठे वळते, हे आईबाप आठवून आठवून मला सांगतात. ‘ते बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.’

जवळजवळ प्रत्येक आई कधीतरी विचारते, माझ्या हातून काय चुकलं? उघड्या मणक्याचंच घ्या. मणक्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. तोवर बऱ्याच जणींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. हे वाक्य तिला डॉक्टरकडून ऐकायचं असतं, माझ्याकडून ऐकून तिला तेवढा दिलासा मिळत नाही. त्याचबरोबर पुढच्या खेपेसाठी तिला फॉलिक ॲसिडचा मोठा डोस गर्भधारणेच्या आधीपासून लागणार आहे. १९९१ च्या ब्रिटिश चाचणीत रोज ४ मिलिग्रॅमने हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं. निदानाच्या दिवशी हे सांगू नये, ते दोषारोपासारखं लागतं. पण सहा महिन्यांनी सांगायला कुणी उरतच नाही, कारण तोवर फाइल बंद झालेली असते.

शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रांकडे वेगळी मागणी आहे. जगातल्या सर्वोत्तम केंद्रांचे आकडे भिंतीवर लावू नका. तुमच्याकडे किती शस्त्रक्रिया झाल्या, किती बाळं किती आठवड्यांना जन्मली, किती आयांना गुंतागुंत झाली, किती मुलं पाच वर्षांनंतर कशी आहेत, ते लावा. आकडे लहान असले तरी चालतील. आणि ज्यांनी तुमच्याकडे येऊन ‘नको’ म्हटलं, त्यांच्या मुलांचीही नोंद ठेवा. काहीच केलं नाही तर काय होतं हे माहीत हवं, ही १९८२ ची अट होती. त्या मुलांखेरीज ते दुसरं कोण सांगणार?

सोनोग्राफी करणाऱ्यांकडे मी एक छापील ओळ मागते आहे. व्यंगाचा संशय असलेल्या प्रत्येक रिपोर्टच्या खाली: आज किती आठवडे आणि दिवस पूर्ण झाले, संशय कशाचा, यावर गर्भात उपचार असेल तर तो कितव्या आठवड्यापर्यंत, आणि या आठवड्यातच कुणाशी बोलायचं, त्यांचा फोन नंबर. जागा नाही असं नाही. बहुतेक रिपोर्टांत शेवटी ‘सल्ला’ असा मथळा असतोच, आणि त्याच्यापुढे ‘क्लिनिकल कोरिलेशन’, म्हणजे ‘रुग्णाच्या तपासणीशी ताडून पाहा’, एवढंच छापलेलं असतं.

आपली,
एक समुपदेशक